खाऱ्या पाण्याची मोठी मत्स्यटाकी : उभारणी, पाणी तयार करणे आणि मासे सोडण्याचे नियोजन

कृषी पर्यटन केंद्र, घरगुती निवास किंवा शोभिवंत माशांचे विक्री केंद्र चालवणाऱ्या अनेकांना समुद्री माशांची एक मोठी टाकी असावी असे वाटते. गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा तिचे रंग वेगळे दिसतात आणि पाहुणे तिच्यासमोर रेंगाळतात. मात्र तिचा खर्चही मोठा असतो. टाकी भरल्यावर आठवड्याभरात मासे आणून सोडले, तर महिन्याभरात बहुतेक मासे मरतात. अशा वेळी दोष मासे देणाऱ्याला दिला जातो, पण खरे कारण बहुधा घाई हेच असते. या लेखात ८ फूट लांब, ३ फूट रुंद व २.५ फूट उंच टाकीचे उदाहरण घेऊन नवशिक्याने कोणत्या क्रमाने काम करावे हे दिले आहे. टाकी लहान-मोठी असल्यास त्या प्रमाणात हिशेब बदलावा.

मोठी टाकी का?

खाऱ्या पाण्यात मोठी टाकी सांभाळणे लहान टाकीपेक्षा सोपे असते. पाणी जास्त असले की तापमान, क्षारता आणि अमोनिया यांत हळूहळू बदल होतो आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. १०० लिटरच्या टाकीत एक मासा कुजला तर रात्रीत सगळे पाणी बिघडते, १,५०० लिटरमध्ये तसे सहसा होत नाही. पण मोठ्या टाकीत मीठ, वीज आणि श्रमही जास्त लागतात. रोज अर्धा तास आणि आठवड्यातून एकदा दोन-तीन तास देणारी जबाबदार व्यक्ती घरात नसेल, तर ही गुंतवणूक करू नये.

वजन आणि जागेची निवड

ही टाकी काठापासून तीन इंच खाली भरली तर सुमारे १,५३० लिटर पाणी मावते. दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करून आणि खालच्या संपमधील पाणी मिळवून हिशेबाला १,५०० लिटर धरावे.

• समुद्राचे पाणी दर लिटरला सुमारे १.०२५ किलो भरते. पाणी, काच, दगड, वाळू मिळून एकूण वजन दोन टनांच्या वर जाते.
• हा भार दर चौरस मीटरला जवळपास एक टन पडतो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून बांधलेला असतो. म्हणून अशी टाकी माडीवर किंवा जुन्या स्लॅबवर कधीही ठेवू नये.
• तळमजल्यावर जमिनीत पक्का पाया घेऊन त्यावर चिऱ्याचा किंवा विटांचा चौथरा बांधावा आणि वर आरसीसी थर द्यावा. थर पाणसळीने तपासावा. एका कोपऱ्यात थोडासा उतार राहिला तरी काचेच्या जोडावर ताण येतो.
• काच आणि चौथरा यांच्यामध्ये १० ते १२ मिमी जाडीचा थर्माकोल किंवा फोमचा थर घालावा.
• टाकीवर थेट ऊन पडू नये. उन्हामुळे पाणी तापते आणि शेवाळ वाढते.
• मागच्या बाजूने हात घालून काम करता येईल इतकी, म्हणजे किमान दोन फूट जागा सोडावी.
• फवारणीची औषधे, खते किंवा रंग जवळ साठवू नयेत. कीटकनाशकाचा अंश हाताला लागला आणि तोच हात पाण्यात गेला, तरी मासे व कोळंबीवर्गीय जीव मरू शकतात.

काच की एफआरपी?

चारही बाजूंनी पाहायचे असेल तर काचेची टाकी घ्यावी. काचेची जाडी पाण्याच्या उंचीवर आणि आधार नसलेल्या लांबीवर ठरते. या मापासाठी साधारण १९ मिमी काच व वरून आडव्या पट्ट्या लागतात. जाडी किती, पट्ट्या किती आणि हमी किती काळाची, हे बनवणाऱ्याकडून लिहून घ्यावे. एकाच बाजूने पाहायचे असेल तर समोर काच बसवलेली एफआरपी टाकी चालते. तिची दुरुस्ती सोपी असते आणि वाहतुकीत ती फुटत नाही.

टाकी जागेवर बसल्यावर साध्या पाण्याने पूर्ण भरून आठवडाभर ठेवावी. जोडांखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून रोज ओल तपासावी. गळती सापडली तर ती याच टप्प्यावर सापडलेली बरी.

वीज गेली तर काय होईल?

मोठ्या टाकीखाली एक दुय्यम टाकी ठेवतात, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीतले पाणी पाइपने संपमध्ये उतरते, तिथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर जाते. या उदाहरणासाठी ३०० लिटरचा संप पुरेसा आहे.

संप काठोकाठ भरू नये, कारण वीज जाताच पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले काही पाणी खाली उतरते. या टाकीची पातळी एक इंच उतरली तरी ५७ लिटर पाणी खाली येते. म्हणून संपमध्ये नेहमी किमान १२० लिटरची जागा मोकळी ठेवावी. मासे आणण्याआधी पंप मुद्दाम पाच-सहा वेळा बंद करून पाहावा. पाणी संपबाहेर सांडत असेल तर वर येणाऱ्या पाइपचे तोंड पृष्ठभागाच्या जवळ आणावे. एकमार्गी व्हॉल्व्हवर विसंबू नये, त्यात क्षार साचून तो अडकतो.

आवश्यक साहित्य :

• पाणी वर चढवणारा पंप : चढाव धरून ताशी सुमारे ६,००० लिटर पाणी देणारा. दुसरा पंप शिल्लक ठेवावा.
• प्रोटीन स्किमर : बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील सेंद्रिय घाण बाहेर काढतो. टाकीच्या क्षमतेपेक्षा थोडा मोठा घ्यावा.
• जैविक गाळणीचे माध्यम : सिरॅमिक कड्या, प्लास्टिक बायोबॉल किंवा कालवांच्या स्वच्छ शिंपा.
• प्रवाह देणारे दोन वेव्हमेकर.
• बॅटरीवर चालणारे दोन हवा पंप, शक्य असल्यास इन्व्हर्टर.
• रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर आणि पीएच, अल्कलिनिटी, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासणी संच.

पाइप पीव्हीसीचेच वापरावेत. पितळ, तांबे व जीआयच्या जोडण्या खाऱ्या पाण्यात गंजतात आणि त्यातून सुटणारे तांबे व जस्त जलचरांना घातक ठरते.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या सर्व जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे घ्याव्यात आणि अर्थिंग तपासून घ्यावे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे.

कोकणात पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. अशा वेळी सर्वांत आधी प्राणवायू कमी पडतो. २८ अंशाला गोड्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४ मिलिग्रॅमच. वीज गेल्यावर हवा पंप लगेच सुरू करावा आणि वीज येईपर्यंत खाद्य पूर्ण बंद ठेवावे.

खारे पाणी कुठून आणावे?

पर्याय १ : तयार सागरी क्षार. दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतात. म्हणजे पहिल्या भरणीला सुमारे ५५ किलो क्षार लागतील. पाणी आरओचे वापरावे. बोअरच्या पाण्यात लोह, नायट्रेट किंवा जास्त जडपणा असेल तर पुढे शेवाळाचा त्रास होतो.

मिठागरातले मीठ वापरता येईल का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याने पाणी फक्त खारट होते. समुद्राच्या पाण्यातील क्षारांपैकी तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग साध्या मिठाचा असतो. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असतात. मिठागरात मीठ जमते तेव्हा यांतला बराच भाग मागे राहतो, त्यामुळे अशा पाण्यात समुद्री मासे टिकत नाहीत.

पर्याय २ : समुद्राचे पाणी. किनाऱ्याजवळ असाल तर हा स्वस्त पर्याय आहे. पाणी भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून, बंदरापासून व सांडपाण्याच्या नाल्यापासून लांब घ्यावे. जून ते सप्टेंबर नदीचे पाणी मिसळून क्षारता खूप उतरते आणि गाळ येतो. म्हणून मे महिन्यातच पाणी बदलण्यापुरता साठा झाकलेल्या, अंधाऱ्या टाकीत करून ठेवावा.

आणलेले पाणी एक दिवस निवळू द्यावे आणि वाळूच्या गाळणीतून, नंतर बारीक फिल्टर बॅगमधून गाळावे. निर्जंतुकीकरणासाठी प्रति लिटर १० मिलिग्रॅम क्लोरीन द्यावे. ३० टक्के क्षमतेची ब्लीचिंग पावडर असेल तर १,५०० लिटरला ५० ग्रॅम लागते. पावडर बादलीत कालवून वरचे निवळ पाणीच टाकावे. त्यानंतर दोन दिवस जोराने हवा द्यावी. क्लोरीन शिल्लक राहिल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे आणि तपासणीत क्लोरीन शून्य आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाण्याचे अपेक्षित गुणधर्म :

• क्षारता : ३३ ते ३५ पीपीटी
• तापमान : २६ ते २८ अंश सेल्सिअस
• पीएच : ८.० ते ८.३
• अल्कलिनिटी : १२५ ते १६० पीपीएम
• अमोनिया व नायट्राइट : शून्य
• नायट्रेट : ४० पीपीएमपेक्षा कमी

अल्कलिनिटी कमी भरल्यास खाण्याचा सोडा वापरता येतो. १,५०० लिटर पाण्यात २५ ग्रॅम सोडा विरघळवल्यास ती सुमारे १० पीपीएमने वाढते. एका दिवसात यापेक्षा जास्त वाढवू नये.

पाणी उडते, मीठ उरते

बाष्पीभवनाने फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची घट गोड्या आरओ पाण्यानेच भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नाही. या टाकीतून रोज १० लिटर पाणी उडते असे धरले आणि आठवडाभर ते भरले नाही, तर ३५ पीपीटीची क्षारता ३६.७ पर्यंत चढते. आणि मग एकदम ७० लिटर गोडे पाणी ओतले तर माशांना दुसरा धक्का बसतो. संपच्या काचेवर पातळीची खूण करावी आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत पाणी भरावे.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागते. पृष्ठभागावर पंख्याचा वारा दिल्यास तापमान दोन अंशांच्या आसपास उतरते, पण दमट हवेत हा फरक कमी पडतो. किनारपट्टीवर उन्हाळ्यासाठी चिलरचा विचार करावाच लागतो. खरेदीपूर्वी विजेचा हिशेब मांडावा. उदाहरणार्थ, सतत चालणारी २५० वॉटची उपकरणे रोज ६ युनिट घेतात, १५० वॉटचे दिवे ८ तासांत १.२ युनिट घेतात आणि ८०० वॉटचा चिलर १० तास चालला तर ८ युनिट. म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला साधारण ४५० युनिट होतात. हा खर्च परवडत नसेल तर टाकी लहान करावी, चिलर वगळू नये.

दगड आणि वाळू

• प्रवाळाचे दगड किनाऱ्यावरून किंवा समुद्रातून आणू नयेत. प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते बाळगणे व विकणेही गुन्हा ठरतो.
• किनाऱ्यावरची वाळू उचलू नये, त्यावर सीआरझेडचे निर्बंध आहेत. त्याऐवजी विकत मिळणारी चुनखडीयुक्त वाळू किंवा धुतलेला शिंपल्यांचा चुरा वापरावा. एक इंच थर पुरे.
• जांभा दगड वापरू नये. तो झिजतो आणि त्यातून लोह सुटते.
• काळा पाषाण, सिरॅमिकचे तयार आकार किंवा पाण्यात अनेक आठवडे मुरवलेले सिमेंटचे आकार चालतात.
• दगड आधी तळाच्या काचेवर पक्के बसवावेत, वाळू नंतर टाकावी. वाळूवर ठेवलेला दगड माशांनी खाली उकरल्यास कलतो आणि काच फोडू शकतो.

पाणी 'पिकवणे' : सर्वांत महत्त्वाचा टप्पा

जमिनीत युरिया टाकल्यावर काय होते हे तुम्हाला माहीत आहे. त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट बनते. टाकीतही हेच घडते. फरक इतकाच की टाकीत अमोनिया माशांच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून येतो आणि नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणूच नसतात. शेणखत कुजल्याशिवाय पिकाला देत नाही, तसे पाणी पिकल्याशिवाय त्यात मासे सोडू नयेत.

समुद्राच्या पाण्याचा पीएच जास्त असल्याने धोका वाढतो. पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. त्यामुळे गोड्या पाण्यात निभावून जाणारी मात्रा इथे मारक ठरते.

पद्धत :

१. टाकी, संप, पंप, स्किमर सर्व सुरू करावे. दिवे बंद ठेवावेत.
२. प्रयोगशाळा दर्जाचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, १,५०० लिटरला ११ ते १२ ग्रॅम विरघळवून टाकावा. त्याने नायट्रोजनच्या मापात सुमारे २ पीपीएम अमोनिया होतो.
३. पिकलेल्या, रोगमुक्त समुद्री टाकीतले थोडे गाळणी माध्यम किंवा बाजारातील जिवाणू संवर्धन टाकल्यास वेळ वाचतो.
४. दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट तपासून वहीत लिहावे. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते, नंतर नायट्राइट उतरून नायट्रेट वाढते.
५. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच नवसागर द्यावा.
६. दिलेला अमोनिया २४ तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आले, म्हणजे पाणी पिकले.
७. निम्मे पाणी बदलून नायट्रेट कमी करावे आणि दोन-तीन दिवसांत पहिले मासे सोडावेत. उशीर झाल्यास जिवाणू उपाशी राहतात.

या टप्प्याला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. पाणी स्वच्छ, नितळ दिसते म्हणून ते तयार झाले असे समजू नये, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. तारखेपेक्षा तपासणीवर विश्वास ठेवावा.

माशांची निवड

बीजोत्पादन केंद्रात जन्मलेले मासे घ्यावेत. ते टाकीला सरावलेले असतात, तयार खाद्य खातात आणि निसर्गातून मासे पकडण्याची गरज उरत नाही. क्लाउनफिश आणि डॅमसेल यांचे बीजोत्पादन भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) विकसित केले आहे.

नवशिक्यांसाठी योग्य :

• क्लाउनफिश : काटक. समुद्रफूल नसले तरी चांगला राहतो. सर्व पिल्ले आधी नर असतात, गटातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी होतो. एक जोडी ठेवावी.
• डॅमसेल : काटक, पण भांडखोर. शेवटी सोडावा.
• कार्डिनल व गोबी : शांत स्वभावाचे, लहान.
• स्कॅट आणि मोनो : खाडीतील चपट्या अंगाचे मासे. क्षारतेतील बदल सोसतात, पण मोठे होतात. लहान माशांसोबत ठेवू नयेत, त्यांच्यासाठी वेगळे नियोजन करावे.

सुरुवातीला टाळावेत :

• जिताडा, हेकरू, तांबोशी : लहानपणी सुंदर दिसतात, पण तोंडात मावेल तो मासा खातात.
• फुलपाखरू मासे, मूरिश आयडॉल : यांतील बरेच टाकीत खाद्य घेत नाहीत आणि उपाशी मरतात.
• लायनफिश, स्टोनफिश : काटे विषारी. पर्यटक आणि मुले येतात तिथे नकोतच.
• समुद्रफूल : पाणी वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय टिकत नाही.

समुद्रघोडे, समुद्री काकडी, प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले कायद्याने संरक्षित आहेत. कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नयेत. प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवावी.

किती मासे?

ढोबळ हिशेब असा : पूर्ण वाढलेल्या माशाच्या दर एक सेंटिमीटर लांबीला ७.५ लिटर पाणी. या हिशेबाने १,५०० लिटरला २०० सेंटिमीटर लांबीचे मासे बसतात. पहिल्या वर्षी यातील निम्मेच ठेवावेत, म्हणजे पूर्ण वाढीनंतर १० सेंटिमीटर होणारे फार तर १० मासे. आज पिल्लू केवढे आहे ते न पाहता ते केवढे होणार ते पाहावे. टाकी सुरुवातीला रिकामी दिसेल, ती तशीच राहू द्यावी.

विलगीकरण टाळू नका

नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडणे हे नुकसानीचे दुसरे मोठे कारण आहे. १५० लिटरची वेगळी टाकी, हवा, पिकलेला स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढे पुरे. नवे मासे इथे चार आठवडे ठेवावेत. या टाकीची जाळी, बादली, नळी वेगळी ठेवावी.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचा प्रादुर्भाव असू शकतो. हा परजीवी काही दिवस माशावर राहून खाली गळतो आणि तळाशी पुनरुत्पादन करतो. त्यामुळे ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नाही. मुख्य टाकीत तो शिरल्यास सर्व मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने माशांविना चालू ठेवावी लागते.

तांब्याचा उपचार प्रभावी आहे, पण तो फक्त विलगीकरण टाकीत आणि तांब्याच्या तपासणी संचानेच करावा. बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद अंदाजाने टाकू नये. उपचाराची आणि विषबाधेची मात्रा अगदी जवळ असते. मुख्य टाकीत तांबे गेल्यास चुनखडीचे दगड व वाळू ते शोषतात, आणि पुढे तिथे कोळंबी, खेकडे, गोगलगायी जगत नाहीत. मात्रा मत्स्य आरोग्य तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावी.

मासे सोडण्याची पद्धत

१. मासे देणाऱ्याला त्याच्या पाण्याची क्षारता आधीच विचारून विलगीकरण टाकी तेवढीच ठेवावी.
२. दिवे बंद करून बंद पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी.
३. लांबचा प्रवास झाला असेल तर पिशवी उघडल्यावर वेळ घालवू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो. उघडताच तो चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो.
४. प्रवास तासा-दोन तासांचाच असेल तर बारीक नळीने थेंब-थेंब पाणी देऊन ४५ मिनिटांत सरावू द्यावे.
५. मासा जाळीने किंवा भांड्याने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

मुख्य टाकीत आधी शांत मासे सोडावेत, भांडखोर शेवटी. एका वेळी दोन-तीन मासे सोडावेत आणि पुढची तुकडी किमान दोन आठवड्यांनी, अमोनिया शून्य असल्याची खात्री करून आणावी.

खाद्य

दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. सागरी माशांचे दाणेदार खाद्य मुख्य ठेवावे. ताजा जवळा, बारीक चिरलेली कोळंबी किंवा तिसऱ्यांचे मांस आलटून पालटून देता येते. ते गोड्या पाण्यात धुऊन, एका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवावे. सुका खारवलेला जवळा देऊ नये. पाहुण्यांना स्वतः खाद्य टाकू देऊ नये, हवे तर मोजलेली पुडी तुमच्या देखरेखीखाली द्यावी.

नित्य कामे

रोज : मासे मोजणे, तापमान पाहणे, गोड्या पाण्याने घट भरणे, स्किमरचा पेला पाहणे.
दर आठवड्याला : क्षारता, पीएच व नायट्रेट तपासणे, १० टक्के म्हणजे १५० लिटर पाणी बदलणे, काच पुसणे. नवे खारे पाणी एक दिवस आधी कालवून, हवा देऊन, तापमान जुळवून ठेवावे.
दर महिन्याला : पंप उघडून साफ करणे, अल्कलिनिटी तपासणे, वीज बंद करून संपची चाचणी घेणे, बॅटरी तपासणे.

जैविक माध्यम कधीही नळाच्या पाण्याने धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच ते हलकेच खळबळावे.

लक्षणे आणि पहिली कृती

• मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात : आधी हवा वाढवावी, मग अमोनिया व तापमान तपासावे.
• अमोनिया दिसतो : खाद्य बंद करावे, २५ ते ३० टक्के पाणी बदलावे, मेलेला मासा शोधून काढावा.
• पाणी दुधाळ होते : बहुधा जास्त खाद्यामुळे जिवाणूंची वाढ. खाद्य थांबवावे, हवा वाढवावी.
• काचेवर तपकिरी थर : नव्या टाकीत सामान्य. पुसत राहावे, काही आठवड्यांत कमी होतो.
• अंग दगडावर घासणे, ठिपके : परजीवीची शंका. मासे विलगीकरण टाकीत हलवावेत.

कोणतेही औषध टाकण्याआधी पाणी तपासावे.

वापरलेले खारे पाणी शेतात सोडू नका

दर आठवड्याला काढलेल्या १५० लिटर पाण्यात सुमारे सव्वापाच किलो क्षार असतात. वर्षभरात ते २७० किलोंच्या वर जातात. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता सुमारे ५० डेसिसायमन प्रति मीटर असते, तर भाताचे उत्पादन जमिनीतील क्षारता ३ च्या वर गेली की घटू लागते. हे पाणी परसबागेत, माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ सतत ओतले तर एका सजावटीच्या टाकीसाठी पिकती जमीन नासेल. किनाऱ्याजवळ असाल तर हे पाणी कुठे सोडता येईल हे स्थानिक मत्स्य कार्यालयाला विचारून घ्यावे. आतल्या भागात असाल तर प्लास्टिक अस्तराच्या उथळ खड्ड्यात पाणी वाळवून क्षार गोळा करावेत. पावसाळ्यात हा खड्डा झाकावा.

नको झालेले मासेही खाडीत किंवा समुद्रात सोडू नयेत. हिंदी-प्रशांत महासागरातील लायनफिश अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि कॅरिबियन समुद्रात पसरला आहे. त्याचे मूळ टाकीतून सोडलेल्या माशांत असल्याचे मानले जाते आणि तिथल्या स्थानिक माशांना त्याचा मोठा फटका बसला आहे. मासे परत घेईल असा विक्रेता आधीच पाहून ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

इच्छुकाला भेटल्यावर आधी तीन गोष्टी विचाराव्यात : टाकी कोणत्या मजल्यावर ठेवणार, वीज सलग किती तास जाते आणि काढलेले खारे पाणी कुठे टाकणार. यांची समाधानकारक उत्तरे नसतील तर खरेदी पुढे ढकलण्याचा सल्ला द्यावा. त्यानंतर पाणी पिकवण्याची वही ठेवायला लावावी. पहिल्या भेटीत मासे नव्हे, ही वही पाहावी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपन एककांसाठी साहाय्याची तरतूद आहे, पण केवळ सजावटीची टाकी त्यात बसेल असे गृहीत धरू नये. सध्याचे निकष जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयातून घ्यावेत. प्रत्यक्ष टाक्या पाहण्यासाठी रत्नागिरीतील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयाला भेट देणे उपयोगी ठरेल.

कामाचा क्रम थोडक्यात

पहिला महिना चौथरा, टाकी व गळती चाचणीसाठी धरावा. दुसरा आणि तिसरा महिना पाणी पिकवण्यात जाईल, याच काळात विलगीकरण टाकी तयार करून पहिले मासे तिथे आणावेत. चौथ्या महिन्यात पहिले दोन-तीन मासे मुख्य टाकीत जातील. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत ठरलेले सर्व मासे टाकीत असतील. उद्‌घाटनाची तारीख किंवा पर्यटन हंगाम डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम आवळू नये. दिवाळीच्या हंगामात टाकी दाखवायची असेल तर बांधकाम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करावे आणि समुद्राचे पाणी वापरायचे असल्यास त्याचा साठा मेअखेर पूर्ण करावा.